खेळांतील रान : प्राण्यांच्या चरण्याच्या व विसाव्याच्या जागा

गेल्या मे महिन्याच्या सुटींत आमच्या एका आप्ताच्या घरीं कांहीं दिवस राहण्याचा योग आला. त्या घरांतील नववींत शिकणारा मुलगा रोज सायंकाळीं संगणकासमोर बसे आणि तासचे तास कांहींच करीत नसे. पडद्यावर एक तळें दिसे, तळ्याकांठीं लव्हाळा हाले, पाखरें बोलत, आणि हा मुलगा हातांतील खटका न दाबतां नुसता पाहत राही. त्याच्या आईची तक्रार अशी कीं, "खेळ म्हणावा तर यांत खेळणें कोठें दिसत नाहीं, आणि अभ्यासाला ऊठ म्हटलें तर म्हणतो, आई, जरा थांब, हरणें पाण्यावर यायची वेळ झाली आहे." आम्हांस त्या उत्तराचें मोठें नवल वाटलें. ज्या हरणास शरीर नाहीं, ज्यास तहान लागणें शक्य नाहीं, त्याची पाण्यावर येण्याची वेळ होते म्हणजे नेमकें काय होतें? त्यास तहान लावतो कोण? आणि ती वेळ ह्या मुलास कळली कशी? ह्या प्रश्नांचा जो उलगडा पुढें आम्हांस झाला, तो विद्यार्थी मित्रांपुढें व त्यांच्या वडील मंडळींपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पडद्यावरील शिकारीचे खेळ कांहीं आजचे नव्हेत. १९८४ सालीं जपानांतील निन्टेंडो कंपनीनें 'डक हंट' नांवाचा खेळ काढला. त्यांत गवतांतून बदकें फडफडत वर उडत आणि खेळणाऱ्यानें खेळण्यांतल्या बंदुकीनें त्यांवर नेम धरावयाचा. त्या बदकांना भूक नव्हती, घरटें नव्हतें, रात्र नव्हती. तीं केवळ उडण्यासाठीं जन्मास आलेलीं होतीं. जत्रेंत फुग्यांवर छर्रे मारितात, त्याच जातीची ती करमणूक. पुढें १९९७ सालीं 'डीअर हंटर' हा खेळ अमेरिकेंत निघाला. त्यांत नकाशावर जागा निवडून, माग पाहून, वाट बघत बसावें लागे. म्हणजे नेमाबरोबर धीराचीही परीक्षा होऊं लागली. ह्या लेखांत मुख्यत्वेंकरून ज्याचा विचार करावयाचा आहे तो खेळ मात्र स्वीडन देशांतला आहे. तेथील ॲव्हलांच स्टुडिओज ह्या संस्थेच्या एक्स्पॅन्सिव्ह वर्ल्ड्स नामक शाखेनें तो २०१७ सालीं प्रसिद्ध केला. त्याचें नांव 'द हंटर : कॉल ऑफ द वाइल्ड'. त्याच धर्तीचा 'वे ऑफ द हंटर' हा दुसरा खेळ स्लोव्हाकियांतील नाइन रॉक्स गेम्स ह्या मंडळीनें २०२२ सालीं काढला. आमचा आप्त खेळत होता तो यांपैकीं पहिला.

त्या खेळांत आरंभीं दोन रानें दिलेलीं होतीं. एक जर्मनीच्या धर्तीचें, हिर्शफेल्डन नांवाचें. त्यांत शेतें, कुरणें व दाट झाडी असून तांबडीं हरणें, रो हरणें, रानडुकरें, कोल्हे आणि युरोपांतील गवे हिंडतात. दुसरें लेटन लेक नांवाचें, अमेरिकेच्या वायव्य भागाच्या धर्तीवर रचलेलें. त्यांत मूस, एल्क, पांढऱ्या शेपटाचीं हरणें, काळीं अस्वलें व कोयोटी आढळतात. दोन्हीं रानें कल्पित आहेत. नकाशाच्या पुस्तकांत तीं शोधूं गेल्यास मिळावयाचीं नाहींत. तरी त्यांतील झाडाझुडपांची व उजेडाची नक्कल इतकी बेमालूम आहे कीं, पहिल्या दिवशीं आम्ही शिकार विसरून नुसते धुकें पाहत बसलों होतों.

आतां ज्या गोष्टींत ह्या खेळाची सारी किल्ली आहे, तिच्याकडे वळूं. खेळाडू तिला 'नीड झोन' म्हणतात. आपण तिला 'गरजेची जागा' म्हणूं. प्रत्येक कळपास तीन प्रकारच्या जागा नेमून दिलेल्या असतात : एक चरण्याची, एक पाणी पिण्याची आणि एक विसाव्याची. प्रत्येक जागेला तिचे तास ठरलेले असतात, आणि एका रानांत एका जातीच्या साऱ्या कळपांचे तास सारखेच असतात. समजा, एखाद्या जातीस सकाळीं सहा ते नऊ चरणें, नऊ ते बारा पाणी आणि बारापासून विसावा असें नेमून दिलें आहे. मग सहाच्या सुमारास तो कळप कुरणावर उतरेल, नऊच्या आगेंमागें तळ्याची वाट धरील आणि माध्यान्हीं दाट झाडींत जाऊन बसेल. दुसऱ्या दिवशीं पुन्हां तेंच. शाळेंत घंटा झाली म्हणजे मुलें गणिताच्या वर्गांतून भूगोलाच्या वर्गांत जातात, तसाच हा प्रकार. अंतर एवढेंच कीं, रानांत घंटा ऐकूं येत नाहीं आणि वेळापत्रक भिंतीवर लावलेलें नसतें.

वेळापत्रक लावलेलें नसतें ह्यांतच खेळाची गोडी आहे. शिकाऱ्याच्या हातीं जो नकाशा असतो तो आरंभीं कोरा असतो. रानांत फिरतां फिरतां ओल्या मातींत खुराचा ठसा दिसतो, पुढें लेंड्या दिसतात, तुडवलेलें गवत दिसतें. प्रत्येक खुणेजवळ थांबून ती पाहिली कीं, जनावर कोणत्या जातीचें, खूण किती ताजी, तें सावकाश चालत होतें कीं भिऊन पळत होतें, इतकें कळतें. असा माग काढीत गेलें आणि तो माग गरजेच्या जागीं जाऊन पोंचला, म्हणजे ती जागा तिच्या तासांसह नकाशावर उमटते. पुष्कळ दिवस हिंडलेल्या खेळाडूचा नकाशा अशा खुणांनीं भरून जातो. आमच्या आप्तानें तर एका जुन्या वहींत सर्व जातींच्या वेळा हातानें लिहून ठेविल्या होत्या. तसे सुवाच्य अक्षर त्याच्या इतिहासाच्या वहींत आमच्या दृष्टीस पडलें नाहीं, हें जातां जातां नमूद करितों.

हें सर्व संगणक घडवितो कसें? येथें कांहीं वाचक अशी कल्पना करितील कीं, यंत्राच्या पोटांत हजारों हरणें सदैव धांवत असतील. तसें नाहीं. यंत्राची शक्ति मोठी असली तरी अमर्याद नाहीं. डोळ्यांसमोर असलेल्या दहा हरणांचे पाय, कान, सावली व श्वास रंगवितांना त्याची पुष्कळ शक्ति खर्च होते. म्हणून अशा मोठ्या रानांच्या खेळांत सर्वसाधारण युक्ति अशी योजितात कीं, जें जनावर शिकाऱ्याजवळ आहे तेवढेंच सांगोपांग उभें करावयाचें. जें दूर आहे तें केवळ हिशेबाच्या वहींतील एका ओळीप्रमाणें ठेवावयाचें. त्या ओळींत त्याची जात, नर कीं मादी, वजन, कळप, आणि सध्यां तो कोठें असावयास हवा एवढेंच टिपलेलें. तुम्ही डोंगर ओलांडून त्या बाजूस गेलां, कीं वहींतील ओळीस पाय फुटतात आणि कान हालूं लागतात. तुम्ही पाठ फिरविली, कीं तें पुन्हां ओळ होऊन बसतें. मग दूरच्या ओळीला "तूं आतां कोठें असावेंस" हें ठरविण्यास सोपें साधन कोणतें? तर घड्याळ. घड्याळांत दहा वाजले असतील तर वेळापत्रक पाहावें आणि त्या कळपास पाण्यावर मांडावें. प्रत्येक पावलाचा हिशेब ठेवण्याची गरज उरत नाहीं.

जवळच्या जनावराची गोष्ट निराळी. त्याला एका वेळीं एकच अवस्था असते असें समजावें : चरणें, चालणें, पिणें, बसणें, कान टवकारणें, पळणें. एका अवस्थेंतून दुसरींत जाण्याचे नियम लिहून ठेविलेले असतात. चरत असतां तास संपला, तर चालूं लागावें. चालत असतां वाळलें पान चुरडल्याचा आवाज आला, तर थांबून कान टवकारावे. आवाज पुन्हां न आल्यास चालणें पुढें चालू करावें, आल्यास पळावें. नियम असे थोडकेच असतात, पण ते एकमेकांवर चढले म्हणजे पाहणाऱ्यास वाटूं लागतें कीं हें हरिण विचार करीत आहे. एकदां एक मोठा नर अर्धा तळ्यांत, अर्धा बाहेर असा थांबून आमच्याकडे टक लावून पाहत राहिला. आमच्या अंगावर कांटा आला. वस्तुतः त्याच्या वहींत एवढेंच लिहिलेलें होतें कीं, आवाज एकदां झाला आहे, दुसऱ्यांदा अद्याप झालेला नाहीं.

येथें एक शंका येणें साहजिक आहे. भूक दाखविण्याची ह्याहून खरी रीति नाहीं काय? आहे. २००० सालीं निघालेल्या 'द सिम्स' नामक प्रसिद्ध खेळांत घरांतील माणसांची भूक, झोंप व करमणूक ह्यांचे जणूं हौद केलेले होते. हौद हळूहळू रिकामा होतो, आणि तळाशीं आला कीं तें माणूस स्वयंपाकघराकडे वळतें. ही रीति खऱ्या पोटास अधिक जवळची होय, कारण पोट कांहीं घड्याळ पाहून रिकामें होत नाहीं. मग शिकारीच्या खेळांत ती कां घेऊं नये? आमच्या मतें कारण असें कीं, शिकारी हा अंदाज बांधणारा प्राणी आहे. हौद केव्हां रिता होईल हें बाहेरून दिसत नाहीं; प्रत्येक हरणाचा हौद निराळ्या वेळीं रिता होऊं लागला तर शिकाऱ्याला शिकण्यासारखें कांहींच उरणार नाहीं, आणि सारी शिकार नशिबाची सोडत होईल. घड्याळ मात्र शिकतां येतें. खेळ रचणाऱ्यांनीं येथें खरेपणाचा थोडा बळी देऊन शिकण्याजोगेपणा विकत घेतला आहे. सौदा वाईट नाहीं, पण तो सौदा आहे हें खेळणाऱ्यानें ध्यानांत ठेवावें.

ज्याला मुळांत 'चरण्याची जागा' आणि 'विसाव्याची जागा' हा भेद कृत्रिम वाटत असेल, त्यानें आपल्या गोठ्यांतील गाईकडे पाहावें. गाय, म्हैस, हरिण, सांबर, गवा हीं सर्व रवंथ करणारीं जनावरें आहेत. त्यांच्या पोटाचे चार कप्पे असतात. कुरणावर असतांना तीं गवत भराभर तोडून, फारसें न चावतां गिळतात आणि पहिल्या मोठ्या कप्प्यांत सांठवितात. नंतर निवांत जागीं बसून तोच घास पुन्हां तोंडांत आणून सावकाश चघळतात. ह्या व्यवस्थेचा हेतु उघड आहे. गवत असतें उघड्या मैदानांत, आणि उघड्या मैदानांत वाघ-लांडग्यांची भीति. म्हणून उघड्यावर थोडा वेळ राहून पोट भरून घ्यावें आणि चावण्याचें लांबलचक काम आडोशाला जाऊन करावें. म्हणजे चरण्याची व विसाव्याची जागा निरनिराळी असणें हें त्या जनावराच्या पोटांतच लिहिलेलें आहे. बसलेलें हरिण झोंपलेलें असतें असें मुळींच नाहीं. तोंड चालू असतें, कान फिरत असतात, नाक वाऱ्याला लागलेलें असतें.

तासांनाही असेंच कारण आहे. बहुतेक हरणें पहाटे व सायंकाळीं अधिक हालचाल करितात. त्या वेळीं ऊन नसतें, उजेड अंधुक असतो. आपल्या रानांतील चितळ सकाळ-सायंकाळ चरून दुपारचें ऊन झाडांखालीं काढतें. सांबर त्याहून संकोची. तें दिवस उतरल्यावर व रात्रीं बाहेर पडतें. चितळ पुष्कळदां वानरांच्या झाडाखालीं चरतांना दिसतें, कारण वानरें खातां खातां पाला खालीं टाकतात आणि उंचावरून वाघ-बिबळ्या दिसला तर ओरडून चाहूल देतात. असला शेजारधर्म आमच्या पाहण्यांतल्या खेळांत कोठें आढळला नाहीं. पाण्याच्या बाबतींत तर खेळ बराच ठोकळ आहे. खऱ्या रानांत पाण्याची गरज जातीजातीगणिक फार निराळी असते. चिंकारा पाला व दंव यांतील ओलाव्यावर पुष्कळ दिवस काढूं शकतो. त्याच्यासाठीं तळ्याकांठीं बसणारा शिकारी बसूनच राहील.

वाऱ्याचा धडा मात्र खेळ चांगला शिकवितो. पडद्यावर वाऱ्याची दिशा दाखविणारी खूण असते, आणि शिकाऱ्याचा वास वाऱ्याबरोबर जिकडे जाईल तिकडची जनावरें उधळतात. खऱ्या डोंगरांत हा वारा दिवसांतून बाजू बदलतो. सूर्य वर आला म्हणजे उतारावरची हवा तापून वर चढते. सायंकाळीं गार हवा ओढ्याओढ्यानें खालीं उतरते. म्हणून जाणता माणूस पहाटे व सायंकाळीं एकाच पाणवठ्यावर एकाच बाजूनें जात नाहीं.

आतां आमच्या स्वतःच्या शिकारीची हकीकत सांगतों. ती फारशी भूषणावह नाहीं. पहिल्या दिवशीं आम्ही खेळांतील तळ्यावर भर दुपारीं जाऊन बसलों. एक तास गेला, दोन गेले. पाखराखेरीज कांहीं आलें नाहीं. मुलगा मागें उभा राहून हांसत होता. "काका, आत्तां तीं झाडींत बसलीं असतील. वेळ चुकली तुमची." त्याच्या वहींतून वेळ पाहिली, आणि दुसऱ्या दिवशीं नेमक्या तासाला गेलों. हरणें आलीं, एकामागून एक, मान खालीं घालून पाणी पिऊं लागलीं. आम्हीं दोन मारलीं. तिसऱ्या दिवशीं त्याच जागीं, त्याच तासाला गेलों, पुन्हां दोन. चौथ्या दिवशीं तीन. असें वाटलें कीं आतां शिकार म्हणजे टपालखात्याप्रमाणें नियमित झाली. मुलानें एकदां सुचविलें, "काका, तिथेंच रोज नका मारूं." पण आम्ही वडील, तो लहान, आम्हीं कांहीं ऐकलें नाहीं. पांचव्या दिवशीं तळें रिकामें. सहाव्याही दिवशीं रिकामें. नकाशा उघडून पाहिला तों त्या तळ्यावर एक जांभळट डाग पसरलेला, आणि पाणी पिण्याच्या जागेची खूण पुसून गेलेली.

ह्या डागास खेळांत 'शिकारीचा दाब' म्हणतात. एका ठिकाणीं जनावर मारलें कीं तेथें थोडा दाब जमतो. कांहीं काळ ती जागा तशीच सोडली तर तो ओसरतो. पण ओसरण्यापूर्वीं वारंवार मारीत गेलें तर डाग गडद होत जातो आणि अखेर कळप ती जागा सोडून दुसरीकडे नवी जागा करितात. रचणाऱ्यांनीं हा नियम कां घातला असेल हें उघड आहे. वेळापत्रक एकदां पाठ झाल्यावर शिकाऱ्यानें एकाच दगडावर बसून सारें रान रितें करूं नये, म्हणून वेळापत्रकालाच ही वेसण घातलेली आहे. 'वे ऑफ द हंटर' ह्या खेळांत तर आणखी एक पाऊल पुढें टाकलें आहे : उमदे नर वयांत येण्यापूर्वींच मारीत गेलें तर कळपाची पुढली पिढी निकस निपजते. आम्हांस त्या रिकाम्या तळ्याची लाज वाटली, आणि ज्या हरणांना शरीर नाहीं त्यांच्याबद्दल लाज वाटावी ह्याचें नवलही वाटलें.

पुढें आम्हीं थोडें वाचन केलें, तेव्हां असें आढळलें कीं हा दाब कांहीं खेळाची कल्पना नव्हे. तो खरा आहे, मात्र त्याची रीति निराळी आहे. २०१८ सालीं 'सायन्स' ह्या नियतकालिकांत केटलिन गेनर व त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यांनीं सहा खंडांतील ६२ जातींच्या सस्तन प्राण्यांवर झालेलीं ७६ संशोधनें एकत्र करून पाहिलीं. निष्पन्न असें झालें कीं, जेथें मनुष्याचा वावर अधिक तेथें प्राणी रात्रीकडे वळतात. त्यांची रात्रींची हालचाल सरासरी १.३६ पट होते. म्हणजे जो प्राणी आपलें काम दिवसा निम्में व रात्रीं निम्में करीत असेल, तो मनुष्याच्या शेजारीं तें शेंकडा ६८ इतकें रात्रीं करूं लागतो. आणि आश्चर्य असें कीं, बंदुकीचीच भीति लागते असें नाहीं. नुसते फिरायला येणारे लोक, शेती, रस्ते ह्यांनींही तेंच होतें. आतां खेळाशीं ताडून पाहा. खेळांतलें हरिण दाब वाढला कीं जागा सोडतें, पण तास सोडीत नाहीं. खऱ्या हरणाला दुसरी जागा असतेच असें नाहीं. पलीकडे शेत असतें, त्यापलीकडे गांव, त्यापलीकडे रस्ता. तें पुष्कळदां जागा तीच ठेवतें आणि तास बदलतें.

ह्याचें उदाहरण आपल्या महाराष्ट्रांतच आहे, आणि तें हरणाचें नसून बिबळ्याचें आहे. अहिल्यानगर जिल्ह्यांतील अकोले तालुक्यांत रान असें फारसें नाहीं. आहे तो ऊस, आणि दाट मनुष्यवस्ति. तेथें विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं बिबळ्यांचा अभ्यास करून २०१३ सालीं दाखवून दिलें कीं, ह्या शेतांमधून मोठे बिबळे कायमचे राहतात. दिवसा ते उंच पिकाच्या आडोशाला असतात आणि माणसें झोंपल्यावर हिंडूं लागतात. ऊस ही त्यांची विसाव्याची जागा आणि गांवाची रात्र हा त्यांचा चरण्याचा तास. दिवसा तेंच शेत शेतकऱ्याचें, रात्रीं बिबळ्याचें. ह्यास कोणी वेळापत्रक म्हणावें तर म्हणावें. पण तें कोण्या संगणकानें लिहिलेलें नाहीं, भीतीनें लिहिलेलें आहे.

म्हणून गरजेची जागा आणि तिचा तास ही माहिती नुसती गमतीची समजूं नये. जनावर कोठें लपतें हें न कळलें तरी चालेल. तें पाण्यावर केव्हां येतें हें ज्यास कळलें, त्याच्या हातीं त्याचा प्राण आला. जुन्या काळचे शिकारी पाणवठ्यावर मचाण बांधीत तें ह्याच कारणानें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आपल्याकडे शिकार बंद झाली, परंतु चोरट्या शिकाऱ्यांस ही विद्या अद्यापि येते, आणि उन्हाळ्यांत पाणवठ्यावर विष टाकण्याचे नीच प्रकार घडतात. वनखात्याचे लोक उन्हाळ्यांत पाणवठ्यांवर जी पाळत ठेवतात, ती ह्याचसाठीं. त्याच पाणवठ्यांवर टँकरनें व सौरपंपांनीं पाणी सोडणारेही तेच. एकच ज्ञान मारण्याच्या कामीं येतें आणि राखण्याच्याही.

त्याच ज्ञानाचा एक शांत उपयोग आम्हीं कांहीं वर्षांपूर्वीं स्वतः पाहिला आहे. वैशाखी पौर्णिमेस विदर्भांतील रानांत पाणवठ्यांवर मचाणें बांधून रात्रभर प्राण्यांची मोजदाद करण्याची चाल आहे. त्या दिवसांत ओढे आटलेले असतात, पाणी थोड्याच ठिकाणीं उरतें, आणि चांदणें पूर्ण असतें. त्यामुळें जें येईल तें दिसतें. अशा मोजणींत एकच जनावर दोनदां मोजलें जाऊं शकतें, म्हणून वाघांची खरी गणना आतां रानांत लावलेल्या कॅमेऱ्यांनीं, अंगावरील पट्ट्यांवरून करितात. तरीही लोक हौसेनें मचाणावर बसतात. आम्हीही एकदां बसलों. सोबत एक वनरक्षक होते. ऊन उतरण्यापूर्वींच त्यांनीं आम्हांस वर चढविलें आणि हळूच सांगितलें, "सर, आतां बोलायचं नाहीं. खोकला आला तर तोंडावर रुमाल धरा. अन् सकाळपर्यंत खालीं उतरायचं नाहीं."

खेळांत एक सोय आहे. शिकाऱ्याच्या तंबूंत जाऊन विश्रांति घेतली कीं घड्याळ हवें त्या तासावर नेतां येतें. आणि न नेलें तरी तेथला तास आपल्या पाव तासांत संपतो. मचाणावर तास हा साठ मिनिटांचाच असतो. फळीची कड मांडीला रुतते, डांस कानाशीं गुणगुणतात, पाण्याच्या बाटलींतलें पाणी कोमट होतें. सातच्या सुमारास रानडुकरांचा एक कळप आला, चिखलांत लोळला आणि गेला. नंतर फार वेळ कांहींच नाहीं. पाणवठ्यावर चांदणें पडलें होतें. त्यांत एक दगड आम्हांस अर्धा तास गव्यासारखा दिसत होता. अकरानंतर एक सांबराची मादी झाडींच्या कडेला येऊन उभी राहिली. ती पाण्यापासून वीस पावलांवर होती. तिला तहान लागलेली असली पाहिजे, कारण ती निघून गेली नाहीं. पण पुढेंही आली नाहीं. नाक वर करी, कान फिरवी, एक पाऊल टाकी आणि पुन्हां थांबे. तिच्या वहींत काय लिहिलें होतें हें आम्हांस कळावयास मार्ग नव्हता. वनरक्षकांनीं मनगटावरील घड्याळ चांदण्यांत धरून पाहिलें. ती पाण्याला तोंड लावीपर्यंत चाळीस मिनिटें गेलीं होतीं.

त्यानंतर आमचा डोळा केव्हां लागला तें समजलें नाहीं. जाग आली तेव्हां पूर्वेकडे फटफटलें होतें, आणि वनरक्षक आपला मोजणीचा कागद घडी करीत होते. आम्हीं तो पाहावयास मागितला. त्यांत पेन्सिलीनें चार ओळी होत्या. पहिल्या दोन आमच्या पाहण्यांतल्या. तिसरी : रात्रीं २-१०, साळिंदर, २. आणि शेवटची : पहाटे ४-२०, अस्वल, मादी, पाठीवर पिल्लू.